पेढीच्या वह्या आणि यंत्रांचे जोडकाम

सुरतेच्या रिंग रोडवरील कापडबाजारात विकला जाणारा ताका दुकानी पोहोचेपर्यंत बराच हिंडून आलेला असतो. मागावरून उतरलेले ग्रे कापड पांडेसरा किंवा सचिन येथील मिलमध्ये रंगाई-छपाईसाठी जाते, तेथून भरतकामाला, आणि मग पेढीवर. प्रत्येक मुक्कामी त्याची नोंद होते. पण जमाखर्च टॅलीत, साठा एक्सेलमध्ये आणि मागण्या व्हॉट्सअ‍ॅपवर, अशी ती विखुरलेली असते. एकाच मालाची हकिकत गुमास्त्याला तीनदा लिहावी लागते आणि तिसऱ्या वेळी मीटरचा आकडा चुकतो.

या नोंदी जोडण्याचे मार्ग दोन. झॅपियर, झोहो फ्लो यांसारखी लो-कोड साधने भाड्याने घ्यावयाची, अथवा एपीआयच्या द्वारे स्वतःची जोडणी अभियंत्याकडून लिहवून घ्यावयाची. एपीआय म्हणजे एका यंत्रप्रणालीने दुसरीसाठी ठेवलेले दार. काय मागावे, कोणत्या नमुन्यात मागावे, उत्तर कसे येईल, हे त्यावर आधीच ठरलेले असते. लो-कोड साधनेही बहुधा याच दारातून जातात. तेथे हमाल भाड्याचा असतो, इतकेच.

नवी मागणी आली की तक्त्यात ओळ भरावी, दलालाला निरोप जावा, अशा कामांना भाड्याचा हमाल पुरेसा आहे. एखादा निरोप चुकला तर माणूस फोन करून विचारतो. कराच्या बिलाचे मात्र तसे नाही.

वस्तू व सेवा कर 1 जुलै 2017 रोजी आला, तेव्हा सुरतेच्या कापडव्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवून विरोध केला होता, हे श्रोत्यांना आठवत असेल. पुढे 1 ऑक्टोबर 2020 पासून पाचशे कोटींवरील उलाढालीच्या पेढ्यांना ई-इनव्हॉइस सक्तीचे झाले. ही मर्यादा उतरत उतरत 1 ऑगस्ट 2023 रोजी पाच कोटींवर आली. बिलाचा तपशील सरकारी पोर्टलकडे जातो आणि तेथून 64 अक्षरांचा नोंदणी-क्रमांक व स्वाक्षरीयुक्त क्यूआर संकेत परत येतो. ज्यांना ही सक्ती आहे त्यांचे त्या क्रमांकाविना दिलेले बिल कायद्याच्या दृष्टीने बिलच नव्हे. खरेदीदाराची करवजावट त्यामुळे धोक्यात येते, आणि असा खरेदीदार पुढच्या हंगामात दुसरे दुकान पाहतो.

आता असे समजा की तपशील पोहोचला, क्रमांक निघाला, पण उत्तर येता येता इंटरनेट तुटले. जोडणी तेच बिल पुन्हा पाठवते. पोर्टलचा क्रमांक विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार व बिल क्रमांक यांवरून बनत असल्यामुळे दुसऱ्या खेपेस नवा मिळत नाही. नोंद आधीच झाली आहे, असे उत्तर येते. शहाणी जोडणी तेव्हा जुनाच क्रमांक मागून घेऊन वहीत लिहील. घाईत बांधलेली साखळी लाल खूण दाखवून थांबते, आणि गोंधळलेला गुमास्ता बिल क्रमांक बदलून तेच बिल पुन्हा धाडतो. विक्री एक, बिले दोन! पोर्टलवर रद्द करण्याची मुदत 24 तासांची. ती टळली की क्रेडिट नोटचे लचांड. लो-कोडमध्येही ही अट घालता येते, नाही असे नाही. परंतु अशा दहा अटी घातल्यावर त्या साधनाचा सोपेपणा उरत नाही.

म्हणून स्वतःची जोडणीच श्रेष्ठ, असे मात्र मी म्हणणार नाही. ती लिहिणारा अभियंता नोकरी सोडतो, आणि नियम बदलतच राहतात. 1 एप्रिल 2025 पासून दहा कोटी व त्यावरील उलाढालीच्या पेढ्यांना बिल तीस दिवसांत पोर्टलवर नोंदवावे लागते. बिलापुरते पाहिले तर टॅलीप्राइममध्ये ही सोय तयारच आहे. ती असताना नवे दार फोडणे मला हौसेचेच वाटते. पदरचा खर्च करावा तो जेथे पेढीची स्वतःची रीत आहे तेथे: मिलला गेलेले मीटर आणि परत आलेले मीटर यांचा मेळ, किंवा परतीच्या मालाचा हिशेब. झॅपियरसारखे साधन पार पडलेल्या प्रत्येक कृतीचा आकार मोजते, त्यामुळे दिवाळीच्या व लग्नसराईच्या हंगामात त्याचे भाडे फुगते, हेही करारापूर्वी पाहावे.

कोणतीही जोडणी घ्या, ती सुस्तीच्या महिन्यात लावावी आणि चाचणीच्या वेळी मुद्दाम मध्येच इंटरनेट बंद करून पाहावे.