चॅसिस क्रमांक 2935

मोटारगाडी ही मुळात वापरून झिजवण्याची वस्तू आहे. कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडल्या दिवसापासून तिचे मोल उतरू लागते, आणि पुरती पंधरा-वीस वर्षे लोटण्यापूर्वीच ती भंगाराच्या खाती जमा होते, हा तिचा सर्वसाधारण जन्मक्रम होय. परंतु काही थोड्या गाड्या या क्रमातून निसटतात. काही काळ त्यांचीही किंमत उतरते, मग ती एका पायरीवर येऊन थांबते, आणि पुढे अशी चढू लागते की तिच्यापुढे जडजवाहीर फिके पडावे. अशा गाड्यांचा व्यापार कसा चालतो, त्यात नेमके काय विकले जाते आणि काय विकत घेतले जाते, हे ज्यास समजून घ्यावयाचे असेल त्याने 6 फेब्रुवारी 2015 रोजी पॅरिसमध्ये झालेल्या एका लिलावाची हकीकत अवश्य पाहावी. त्या दिवशी चॅसिस क्रमांक 2935 असलेली, 1961 सालची, टप उघडता येणारी एक फेरारी गाडी शुल्कासह 1 कोटी 62 लाख 88 हजार युरोंना विकली गेली. आपल्या चलनात ही रक्कम तेव्हा शंभर कोटी रुपयांच्या पुढे जात होती; आणि गाडीच्या अंगावर, ती विकली गेली त्या घटकेपर्यंत, कित्येक दशकांची धूळ जशीच्या तशी होती.

या गाडीचे पूर्ण नाव ‘250 जीटी कॅलिफोर्निया स्पायडर’. तिची कल्पना इटलीत उपजली नाही, ती अमेरिकेतून आली. पूर्व किनाऱ्यावर फेरारीची विक्री सांभाळणारे लुइजी किनेत्ती हे स्वतः ल मान्सची चोवीस तासांची शर्यत तीनदा जिंकलेले चालक होते, आणि त्यांपैकी 1949 चा विजय हा त्या शर्यतीतील फेरारीचा पहिलाच विजय होता. पश्चिम किनाऱ्यावरचे विक्रेते जॉन फॉन नॉयमन. त्याच नावाच्या प्रख्यात गणितज्ञाशी यांचा संबंध नाही. ज्या मुलखात बारा महिने ऊन पडते आणि समुद्रालगतचे रस्ते मैलोगणती धावतात, तेथील धनिकास वर छत नसलेली, तरीही शर्यतीत उतरवण्याजोगी गाडी हवी आहे, असा आग्रह या दोघांनी धरला आणि एन्झो फेरारी यांनी तो मान्य केला. 1957 पासून लांब चॅसिसची आणि 1960 पासून आखूड चॅसिसची, अशा दोन प्रकारांत ही गाडी निघाली. दोन्हींची बेरीज शंभराच्या फार पुढे जात नाही. आखूड प्रकारात चाकांच्या दोन आसांमधील अंतर 2600 वरून 2400 मिलिमीटरवर आणलेले होते, आणि वळणावर गाडी अधिक चपळ झाली ती याच फरकामुळे.

नावातील 250 हा आकडा यंत्राच्या पोटातून आलेला आहे. बारा सिलिंडरांपैकी प्रत्येकाची धारणक्षमता अडीचशे घन सेंटिमीटरच्या जवळ जाते, आणि सर्वांची मिळून 2953 भरते. जोआकिनो कोलोंबो या अभियंत्याने 1947 च्या पहिल्या फेरारीसाठी दीड लिटरचे जे इंजिन आखले, त्याच वंशातील हे वाढीव अपत्य. सहा-सहा सिलिंडरांच्या दोन रांगा परस्परांशी साठ अंशांचा कोन करून उभ्या असतात, आणि त्यांच्या स्फोटांचा क्रम असा बसवलेला असतो की एकाचा झटका दुसऱ्याने सावरावा. म्हणूनच हे इंजिन वेग घेताना थरथरत नाही. त्याचा आवाज मात्र सुरात चढत जातो. बाह्य रूपाचा आराखडा पिनिनफारिना यांचा, आणि पत्र्याचे काम मोदेना येथील सेर्जो स्कालिएत्ती यांच्या कारखान्यातले. स्कालिएत्ती यांची भिस्त कागदावरील मापांपेक्षा डोळ्यावर आणि हातोडीवर अधिक होती. अंग पोलादी पत्र्याचे, दारे, बॉनेट आणि डिकीचे झाकण अॅल्युमिनियमचे. आणि सारे हाताने ठोकून आकारास आणलेले असल्यामुळे एक गाडी दुसरीशी तंतोतंत जुळत नाही. आज संग्राहकांना ज्याचे अप्रूप वाटते, ते त्या काळी छोट्या कारखान्यातील नित्याचे काम होते.

2935 ची पहिली मालकी जेरार ब्लँ या फ्रेंच अभिनेत्याची. त्याच्यानंतर ती आलँ दलों यांच्याकडे आली. फ्रेंच चित्रपटातील हा देखणा नायक त्या वेळी ऐन भरात होता. या गाडीत जेन फोंडा आणि शर्ली मॅक्लेन यांच्यासमवेत घेतलेली त्याची छायाचित्रे उपलब्ध आहेत, आणि ती पुढे या गाडीच्या मिळकतीचा एक भाग होऊन बसली. यथावकाश ती दलोंकडूनही गेली. जुनी स्पोर्ट्स गाडी म्हणजे तेव्हा फक्त जुनी गाडी. ती विकताना कोणी हळहळत नसे.

अखेरीस ती आली ती रोजे बायों यांच्या हाती. पश्चिम फ्रान्समधील द्यो-सेव्र परगण्यातील हे गृहस्थ मालवाहतुकीच्या धंद्यातून संपन्न झाले होते. 1950 नंतरच्या काळात युद्धपूर्व गाड्या सरसकट भंगारात जात असताना, फ्रान्सच्या नामांकित कारागिरांनी बांधलेल्या या वाहनांचे एक संग्रहालय उभारावे अशी मनीषा त्यांनी धरली. तालबो-लागो, देलाये, देलाज, इस्पानो-स्विझा, पानार अशा गाड्या त्यांनी जमवल्या. ईजिप्तचे राजे फारूक यांची, साऊचिक यांच्या कारखान्यात बांधलेली तालबो त्यांतच होती. पण 1970 नंतरच्या दशकात धंदा बसला, बऱ्याच गाड्या विकाव्या लागल्या, आणि उरलेल्या तेथेच शेतवाडीतील पत्र्याच्या आडोशांखाली राहिल्या. संग्रहालय झाले नाही. वेली चढल्या, पत्रे गंजले, काही गाड्यांची छपरे वरच्या छपराच्या भाराखाली दबून गेली. फेरारीचे दैव एवढेच बलवत्तर की ती एका बंदिस्त जागेत, एका दुर्मिळ माझेरातीच्या शेजारी, जुन्या नियतकालिकांच्या ढिगाखाली होती. पाऊस तिच्यापर्यंत पोहोचला नाही.

2014 मध्ये बायों यांच्या वारसांनी आर्तक्युरियाल या पॅरिसच्या लिलावगृहास पाचारण केले, तेव्हा तेथील तज्ज्ञ मात्यू लामूर आणि पिएर नोव्हिकॉफ यांच्यासमोर सुमारे साठ गाड्यांचा हा ठेवा उलगडला. फ्रान्समध्ये लिलाव हा एकेकाळी सरकारी हुद्द्याचा विषय होता. दुसऱ्या आंरी राजाने 1556 मध्ये हुकूम काढून लिलाव करणाऱ्यांचे पद निर्माण केले, आणि त्यांची मक्तेदारी 2000 सालच्या कायद्याने मोडेपर्यंत टिकली. मक्ता गेला तरी दफ्तरी शिस्त राहिली. विकावयाच्या वस्तूची अस्सलता, तिच्या मालकांची परंपरा आणि तिची आजची अवस्था यांविषयी लिलावगृह जे छापते, त्याला जबाबदारीच्या विधानाचे वजन असते.

आणि या व्यापारात खरा कस लागतो तो येथेच. आपल्याकडे जमीन घेणारा जसा माती हातात घेण्यापूर्वी सात-बारा मागतो आणि फेरफाराच्या नोंदी मागे मागे लावून पाहतो, तसा या गाडीचा ग्राहक इंजिनाचा आवाज ऐकण्याअगोदर क्रमांक तपासतो. चॅसिसवरचा क्रमांक, इंजिनावरचा क्रमांक, कारखान्याच्या दफ्तरातील मूळ नोंद, हस्तांतराचे कागद, जुनी छायाचित्रे ही साखळी अखंड असली पाहिजे. फेरारीने त्या काळी रस्त्यावरच्या गाड्यांना विषम आणि शर्यतीच्या गाड्यांना सम क्रमांक देण्याचा परिपाठ ठेवला होता, म्हणजे नुसत्या आकड्यावरूनही गाडीची जात ओळखता येते. ही चिकित्सा निरर्थक नाही. उत्तम कारागीर आज जुन्या रूपाची हुबेहूब गाडी घडवू शकतो; ‘फेरिस ब्यूलर्स डे ऑफ’ या 1986 च्या चित्रपटात जी कॅलिफोर्निया स्पायडर दिसते तीही नक्कलच आहे. पत्रा नव्याने ठोकता येतो, चामडे नव्याने शिवता येते. पूर्ववृत्तांत मात्र नव्याने घडवता येत नाही, आणि शंभर कोटींचा मोठा हिस्सा मोजला जातो तो त्यासाठीच.

धुळीचा मानही यातूनच उद्भवतो. एक पिढीपूर्वी अशी गाडी सापडली असती तर ती प्रथम उघडून, खरवडून, रंगवून, आरशासारखी चकचकीत करून मगच बाजारात उभी राहिली असती. 2008 मध्ये मारानेल्लो येथील लिलावात जेम्स कोबर्न या अमेरिकन अभिनेत्याची अशीच गाडी 70 लाख 40 हजार युरोंना गेली, ती जीर्णोद्धार झालेली होती. दरम्यान रसिकांची दृष्टी पालटली. जीर्णोद्धार कितीही निगुतीने केला तरी तो आधीच्या हातांच्या खुणा पुसतो. मूळ शिवण, मूळ रंगाचा थर, स्कालिएत्तींच्या माणसांनी केलेले झाळकाम एकदा काढले की ते पुन्हा मिळत नाही. म्हणून आर्तक्युरियालने या गाड्या रेत्रोमोबिल या पॅरिसच्या वार्षिक प्रदर्शनात, सापडल्या तशाच, मंद प्रकाशात मांडल्या. त्यात नाट्य होते, विक्रेत्याचे चातुर्यही होते; पण खाली एक प्रामाणिक तत्त्वही होते, की काय राखावे आणि काय बदलावे हा निर्णय घेण्याचा अधिकार घेणाऱ्यास अबाधित मिळावा. मात्र या तत्त्वाच्या भरात हेळसांडीची थोरवी गाणे योग्य नव्हे. फेरारी वाचली ती बंद दारामुळे. उघड्यावर राहिलेल्या तिच्या सोबतिणींपैकी कित्येकींचे नुसते गंजके सापळे उरले होते.

लिलावगृहाचा अंदाज 95 लाख ते 1 कोटी 20 लाख युरोंचा होता. बोली तो ओलांडून गेली. शेजारची माझेराती सुमारे 20 लाखांना गेली, आणि सर्व 59 गाड्यांची बेरीज अडीच कोटींच्या आसपास झाली. म्हणजे एका फेरारीने एकूण उत्पन्नाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग आणला.

या हिशेबात बायों यांच्या आयुष्याचा उपरोध साठवलेला आहे. त्यांनी जीव टाकला तो युद्धपूर्व फ्रेंच कारागिरीवर. इतर लोक ज्या गाड्या मोडीत काढत होते त्यांतील कला त्यांनी ओळखली, आणि ती ओळख यथार्थ होती. कॅलिफोर्निया स्पायडर त्या संकल्पात बसत नव्हती. ती इटालियन होती, युद्धोत्तर होती, आणि फ्रेंच नटांनी वापरून सोडलेली होती. तरीही बाजाराने कौल दिला तो तिच्या बाजूने, कारण बाजार संग्राहकाची दृष्टी विकत घेत नाही. तो दुर्मिळता, कीर्ती आणि कागदांची सलगता विकत घेतो. यात बाजाराची कृतघ्नता दिसत असेल तर त्याचे एक उपकारही नमूद केले पाहिजे. लिलावासाठी छापलेल्या सूचीत बायों यांच्या उरलेल्या साऱ्या गाड्या, मोडक्या आणि धडक्या, क्रमांकांसह व वर्णनांसह प्रथमच एकत्र आल्या. त्यांनी योजिलेल्या संग्रहालयाची नोंदवही अशा प्रकारे तयार झाली, आणि तिचा खर्च निघाला तो, त्यांच्या मूळ योजनेत जागा नसलेल्या गाडीमुळे.