चार ओळी आपल्या हातच्या

आज आपण पत्राबद्दल बोलणार आहोत. बँकेचा अर्ज किंवा ग्रामपंचायतीला द्यायचं निवेदन नव्हे, तर लेकीला, आईला, बहिणीला, मैत्रिणीला आपल्या हातानं लिहायचं घरगुती पत्र. घरोघरी मोबाईल आलाय, मग आता पत्र कशाला, असं तुमच्यापैकी कुणीतरी म्हणेलच. आमच्या बैठकांमध्येही पहिला प्रश्न हाच येतो. तेव्हा त्याचंच उत्तर आधी बघू.

आम्ही पनवेल तालुक्यात बचत गटांचं काम बघतो. गटात आलेली बाई अंगठा सोडून सही करायला शिकते. पुढे पासबुक वाचते, कर्जाचा हप्ता स्वतः तपासते. एखादी गटाचं इतिवृत्तही लिहायला लागते. बहुतेक जणींचं लिहिणं मात्र इथेच थांबतं. गटाचा ठराव लिहिता येतो, हिशेब लिहिता येतो, पण स्वतःच्या मनातलं काही कागदावर उतरत नाही, कारण तसं लिहायची वेळच कधी येत नाही. घरगुती पत्र ही ती वेळ आहे.

आता फोनचं बघा. बऱ्याच घरांत चांगला फोन एकच असतो आणि तो घरधन्याच्या नाहीतर मुलाच्या खिशात असतो. सासरी गेलेली लेक आईशी बोलते तेव्हा फोन स्पीकरवर असतो, आजूबाजूला घरची माणसं असतात. "बरी आहेस ना?" "हो, बरी आहे." "जेवलीस का?" "जेवले." बोलणं रोज होतं, पण बोलायचं ते राहून जातं. आईलाही विचारता येत नाही आणि लेकीलाही सांगता येत नाही. पत्र लिहायला मात्र कुणाचा फोन मागावा लागत नाही. भाकऱ्या आटोपल्यावर दोन ओळी, रात्री आणखी चार ओळी, असं तीन दिवसांत लिहिलं तरी चालतं. मध्ये कुणी बोलत नाही, रिचार्ज संपत नाही. वाचणारीही सवडीनं वाचते, पुन्हा वाचते आणि जपून ठेवते.

आपल्या कोकणाला पत्राची ओळख जुनी आहे. हिंदुस्थानात पोस्टकार्ड १८७९ साली सुरू झालं, तेव्हा त्याची किंमत पाव आणा होती. पुढच्याच वर्षी, १८८० साली मनीऑर्डर आली. मुंबईच्या गिरण्यांत कामाला गेलेले चाकरमानी मनीऑर्डरनं गावी पैसे पाठवायचे. त्या फॉर्मच्या खाली दोन-चार ओळी लिहिण्यापुरती जागा असायची. पैशांबरोबर घरच्या बाईला जो काही निरोप मिळायचा, तो बरेचदा तेवढाच. मुंबईच्या मोठ्या पोस्टासमोर, कबुतरखान्याजवळ, पत्रलेखक बसायचे. लिहिता न येणारा माणूस सांगायचा आणि ते लिहायचे. इकडे गावात आलेलं पत्र पोस्टमन, मास्तर किंवा शेजारचा शाळकरी मुलगा वाचून दाखवायचा. म्हणजे नवरा-बायकोच्या पत्रात लिहिणारा एक परका आणि वाचणारा दुसरा परका. अशा पत्रात मनातलं किती येणार? "इकडील सर्व खुशाल, तिकडील खुशाली कळवावी" एवढंच यायचं. पत्र होतं, पण त्यात आपला हात नव्हता. आज आपल्याला लिहिता-वाचता येतंय, तेव्हा हे मधले दोघे परके निघून गेलेत. नेमक्या याच वेळी आपण पत्र सोडून दिलं तर ती संधी वाया जाईल.

स्वतःच्या हातानं लिहिणारी बाई काय करू शकते, हे आपल्या महाराष्ट्रातच दिसतं. सावित्रीबाई फुल्यांनी जोतिरावांना लिहिलेली तीन पत्रं आज उपलब्ध आहेत. ती १८५६, १८६८ आणि १८७७ सालची आहेत. पहिल्या पत्राच्या वेळी त्या आजारी होत्या आणि माहेरी नायगावला होत्या. शाळा काढून खालच्या मानलेल्या जातींना शिकवल्याबद्दल भावानं दोष दिला, त्याला आपण काय उत्तर दिलं हे त्यांनी नवऱ्याला कळवलं. दुसऱ्या पत्रात एका ब्राह्मण तरुणाची आणि महार समाजातल्या मुलीची हकीकत आहे. दोघांचं प्रेम होतं, मुलगी गरोदर होती आणि गावकरी त्यांच्या जिवावर उठले होते. सावित्रीबाई मध्ये पडल्या आणि दोघांना वाचवलं. तिसरं पत्र ओतूरहून लिहिलेलं आहे, त्यात दुष्काळाची आणि सत्यशोधक मंडळींच्या मदतकार्याची माहिती आहे. आता विचार करा, हेच सगळं त्यांनी कुणाबरोबर तोंडी निरोपानं धाडलं असतं तर? निरोप जोतिरावांना पोचला असता आणि तिथेच विरला असता. लिहिलं म्हणून त्या वेळी सावित्रीबाईंनी काय पाहिलं, काय केलं, हे आज दीडशे वर्षांनंतर आपल्याला त्यांच्याच शब्दांत कळतं.

दुसरं उदाहरण आपल्या शेजारच्या कल्याणचं. आनंदीबाई जोशी १८६५ साली कल्याणला जन्मल्या. त्यांचे यजमान गोपाळराव टपाल खात्यात नोकरीला होते. बायकोला शिकवायला मदत हवी म्हणून गोपाळरावांनी अमेरिकेतल्या एका मिशनरी गृहस्थांना पत्र लिहिलं. ते पत्र तिकडच्या एका मासिकात छापून आलं आणि न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी ते वाचलं. त्यांनी १८८० साली आनंदीबाईंना पत्र पाठवलं. एकमेकींना कधी न पाहिलेल्या या दोघी तीन वर्षं पत्रं लिहीत राहिल्या. १८८३ साली आनंदीबाई बोटीनं अमेरिकेला पोचल्या तेव्हा त्या कार्पेंटरबाईंच्याच घरी उतरल्या. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या. पुढच्याच वर्षी पुण्यात त्यांचं निधन झालं. त्यांच्या अस्थी अमेरिकेला पाठवल्या गेल्या आणि कार्पेंटर कुटुंबानं आपल्या घरच्या दफनभूमीत त्या ठेवल्या. कुठलं कल्याण आणि कुठलं रोझेल, पण पत्रांनी परक्या बाईला घरचं माणूस केलं.

म्हणून फोन टाकून द्या, असं आम्ही मुळीच म्हणत नाही. आजारपण, अपघात, बाळंतपण, पैशांची तातडी, या कामांना फोनच हवा. आणखी एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. सासरी मारहाण होत असेल, जिवाला धोका असेल, तर पत्राची वाट बघत बसू नका. महिला हेल्पलाइन १८१ किंवा पोलिसांची मदत ११२, या नंबरांवर लगेच फोन करा. पत्र असतं ते रोजच्या जगण्यातल्या न बोललेल्या गोष्टींसाठी. मनात घर करून बसलेलं कौतुक, राग, माफी, आठवण, काळजी. तोंडावर म्हणायला जड जाणाऱ्या या गोष्टी कागदावर येतात.

आता प्रत्यक्ष कसं लिहायचं ते बघू. पोस्टात तीन सोप्या गोष्टी मिळतात. पोस्टकार्ड ५० पैशांना, पण ते उघडं असतं. वाटेत कुणीही वाचू शकतं, म्हणून ते फक्त खुशालीला. आंतरदेशीय पत्र अडीच रुपयांना मिळतं. ते घडी घालून चिकटवता येतं, मात्र त्याच्या आत दुसरा कागद किंवा फोटो घालायचा नसतो. जास्त लिहायचं असेल तर साधा कागद आणि पाकीट घ्या. वीस ग्रॅमपर्यंतच्या पाकिटाला ५ रुपयांचं तिकीट लागतं. पाकिटात नोटा कधीही घालू नका. रजिस्टर टपाल २०२५ साली स्पीड पोस्टात सामावून घेतलंय, तेव्हा पोच हवी असेल तर स्पीड पोस्ट करा. घरगुती पत्राला त्याची गरज नसते.

पत्ता नीट लिहिणं हे अर्धं काम आहे. नाव, घर किंवा आळी, गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा आणि शेवटी पिन कोड. हा पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला. तो आखला श्रीराम भिकाजी वेलणकर या टपाल खात्यातल्या मराठी अधिकाऱ्यांनी, आणि ते संस्कृतचे कवीही होते. सहा आकड्यांतला पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो, पहिले तीन मिळून छाननीचा जिल्हा ठरतो आणि शेवटचे तीन पोस्ट ऑफिस दाखवतात. पनवेलचा पिन ४१०२०६ आहे, अलिबागचा ४०२२०१ आणि उरणचा ४००७०२. जिल्हा एकच, रायगड, पण पिनची सुरुवात तिन्हीकडे वेगळी. म्हणून अंदाजानं आकडे टाकू नका, पोस्टात विचारून घ्या. वडगाव नावाची गावं तर महाराष्ट्रात कितीतरी आहेत, तिथे पिनच आपलं पत्र बरोबर गावाला नेतो. आपला स्वतःचा पत्ताही मागे लिहा, म्हणजे पत्र पोचलं नाही तर परत येतं. पत्ता बॉलपेननं लिहा, पावसाळ्यात शाई फिसकटते.

मायन्याची भीती बाळगू नका. जुन्या पत्रांत आई-वडिलांना 'तीर्थरूप', लहानांना 'चिरंजीव' लिहीत. 'सा. न. वि. वि.' म्हणजे साष्टांग नमस्कार, विनंती विशेष. 'अ. उ. आ.' म्हणजे अनेक उत्तम आशीर्वाद. आवडत असेल तर हे जरूर लिहा. नसेल तर 'माझ्या लाडक्या पोरी' किंवा 'प्रिय आक्का' एवढं पुरे. वर गाव आणि तारीख मात्र टाका, कारण वर्षांनी पत्र हाती आलं की तीच कामाला येते. भाषा शुद्ध आहे की नाही याची चिंता नको. आगरीत बोलत असाल तर आगरीत लिहा, कातकरीत बोलत असाल तर तसंच लिहा. वाचणारीला आपला आवाज ऐकू यायला हवा. काय लिहावं सुचत नसेल तर तीन गोष्टींनी सुरुवात करा: आज घरात काय घडलं, तुझी आठवण कशावरून आली आणि तुला विचारायचं राहिलेलं एक काहीतरी.

आपल्याकडे पत्राची खरी गरज कुठे आहे, तेही सांगतो. दिवाळीनंतर कातकरी वाड्यांवरची कितीतरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्यांच्या काही मुली आश्रमशाळेत राहतात. मुलगी पहिल्यांदा घर सोडून राहते तेव्हा आईच्या हातचे चार शब्द तिच्या पेटीत असले तर केवढा आधार होतो! आईला लिहिता येत नसेल तर गटातल्या मैत्रिणीनं लिहून द्यावं. पण दोन नियम पाळा. आई सांगेल तसंच लिहायचं, आपले उपदेश घालायचे नाहीत. आणि लिहिलेलं तिला वाचून दाखवल्याशिवाय पाकीट बंद करायचं नाही. खाली तिची सही तिनंच करायची, वाकडीतिकडी झाली तरी. आलेलं उत्तरही तिनं सांगितलं तरच वाचायचं आणि त्यातली गोष्ट गावात न्यायची नाही.

डाक विभाग 'ढाई आखर' नावाची पत्रलेखन स्पर्धाही घेतो. त्यात १८ वर्षांखालच्यांचा एक गट आणि मोठ्यांचा एक गट असतो, मराठीतही लिहिता येतं. आई आणि लेक दोघी भाग घेऊ शकतात. स्पर्धा कधी आहे ते आपल्या पोस्टात विचारा.

तर पुढच्या मासिक बैठकीत एवढं करा. गटाच्या किरकोळ खर्चातून दहा आंतरदेशीय पत्रं आणून ठेवा, सगळी मिळून २५ रुपये होतात. बचत आणि हप्ते गोळा झाले, इतिवृत्तावर सह्या झाल्या, की अर्धा तास राखून ठेवा. जिला लिहायचंय तिनं लिहावं, बाकीच्यांनी डोकावू नये. जाता जाता पत्रं लाल पेटीत टाका. उत्तराला आठवडा लागेल, कधी पंधरा दिवस लागतील. उत्तर आलं तर ते बैठकीत वाचायची सक्ती कुणावर करू नका. "आलं" एवढं सांगितलं तरी पुरे.