एकाच खोडीचे लेथ

छोट्या लेथवर काम करणाऱ्याला पार्टिंगची धास्ती असते. चकमध्ये धरलेल्या पोलादी सळईतून तयार झालेला तुकडा दोन-तीन मिलिमीटर रुंदीच्या पातळ टूलनं कापून वेगळा करायचा, एवढंच ते काम. टूल खाचेत शिरतं, कीस सुटायला लागतो आणि अचानक घरघर सुरू होते. कापण्याच्या जोरानं टूल खाली दबतं. दबता दबता त्याचं टोक जॉबमध्ये, म्हणजे कापल्या जाणाऱ्या सळईत, आणखी घुसतं. घुसलं की जोर वाढतो, आणि जोर वाढला की ते पुन्हा दबतं. क्षणात टूल मोडतं, नाहीतर जॉब चकमधून निसटतो. कारखान्यातला जाडजूड लेथ हे सगळं आपल्या वजनात जिरवतो. शेडमधल्या बाकावर बसवलेल्या लेथला ते झेपत नाही.

ब्रिटनमधल्या हौशी यंत्रकारांची परंपरा अशा दुबळ्या लेथवरच उभी आहे. 1898च्या जानेवारीत पर्सिव्हल मार्शल यांनी 'द मॉडेल इंजिनिअर' हे मासिक सुरू केलं आणि त्याच वर्षी लंडनमध्ये या मंडळींची संस्थाही स्थापन झाली. बाहेरून पाहणाऱ्याला दिसतं ते कोळशावर चालणारं, माणसाला ओढून नेणारं चिमुकलं रेल्वे इंजिन. म्हणून खेळण्यातल्या आगगाड्या करणारे निवृत्त गृहस्थ अशीच त्यांची ओळख होऊन बसली. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. या मंडळींनी केलेलं मोलाचं काम म्हणजे यंत्राच्या खोडी आणि त्यांवरचे उतारे कारणांसकट लिहून ठेवणं. हे त्यांना जमलं, त्यात हुशारीचा वाटा आहेच. पण त्याहून मोठा वाटा एका साध्या गोष्टीचा आहे. त्यांच्यापैकी असंख्य जणांकडे एकच यंत्र होतं, त्यामुळे खोडही एकच होती.

ते यंत्र म्हणजे नॉटिंगहॅमजवळच्या बीस्टनचा मायफोर्ड. 1946 साली आलेला मायफोर्ड कंपनीचा एमएल-7 हा लेथ बेडपासून 3.5 इंच उंचीवर जॉब फिरवायचा. जॉब फिरवणारा स्पिंडल व्हाइट मेटलच्या दोन फाकांच्या बेअरिंगमध्ये बसायचा, वर टोपी आणि खाली भक्कम बिडाचं अंग. टूल आडवं सरकवणाऱ्या क्रॉस स्लाइडवर टी-आकाराच्या खाचा होत्या, म्हणजे तिच्यावर कुठेही काहीही बोल्टनं आवळता यायचं. या दोन गोष्टींत पार्टिंगचं उत्तर दडलेलं होतं. टूल धरणारी टूलपोस्ट जॉबच्या पलीकडे, मागच्या बाजूला बसवायची आणि टूल उलटं धरायचं. मागच्या बाजूला जॉबचा पृष्ठभाग खालून वर जातो, त्यामुळे टूल वर उचललं जातं. आणि उचललं जाताना ते जॉबमध्ये घुसण्याऐवजी त्याच्यापासून दूर सरतं. जोर वाढला की काप आपोआप कमी होतो. शिवाय स्पिंडल टोपीकडे उचलला न जाता खालच्या भक्कम अंगावर दाबला जातो, आणि कीस खाचेत न अडकता खाली गळून पडतो. यांपैकी नेमकं कोणतं कारण वजनदार, यावर हौशी मंडळी आजही हमरीतुमरीवर येतात. 1970च्या दशकात जॉर्ज एच. थॉमस यांनी अशा मागच्या टूलपोस्टचं आरेखन मासिकातून तपशीलवार दिलं. कोणतं माप का घेतलं, कोणता पृष्ठभाग आधी करायचा, चकमधून जॉब कधी काढायचा नाही, हे सांगत सांगत ते लिहायचे. ज्याच्याकडे मायफोर्ड होता त्यानं ते वाचून आपल्या शेडमध्ये तसंच्या तसं करावं, इतकं ते नेमकं असायचं.

यावर कारखान्यातला जुना टर्नर म्हणेल, यात नवं काय? कॅप्स्टन लेथवर मागची टूलपोस्ट आणि उलटं पार्टिंग टूल कितीतरी आधीपासून आहे. आक्षेप खरा आहे आणि तो मान्यच करायला हवा. शोध हौशींचा नाही. पण कारखान्यातलं ज्ञान उस्तादाच्या हातात असतं. शिकाऊ पोरगा शेजारी उभा राहून पाहतो, चुकला की शिव्या खातो, आणि दोन-चार वर्षांत हात बसतो. तिथे कारण लिहायची गरजच पडत नाही. भोसरी-चिंचवडच्या जॉब शॉपमध्येही फारसं वेगळं घडत नाही. शेडमधला माणूस मात्र एकटा असतो. दिवसा बँकेत किंवा शाळेत नोकरी, रात्री लेथ. शेजारी उस्ताद नाही. त्याला 'असं कर' एवढं सांगून भागत नाही, 'असं का' हेही कागदावर उतरवावं लागतं. जे कारखान्यात हातातून हातात जायचं, ते या गरजेपोटी वाक्यात आलं.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: ही मंडळी हत्यारं करण्यासाठी हत्यारं करतात, इंजिन काही पुरं होत नाही. क्वॉर्न ग्राइंडर हा याचा ठळक नमुना. लफबरोचे प्राध्यापक डी. एच. चॅडक यांनी टूल आणि कटर यांना धार लावण्यासाठी हे यंत्र आखलं, आणि लफबरोशेजारच्या खेड्याचं नाव त्याला दिलं. ओतीव भाग विकत घेऊन ते घरच्या लेथवर करायचं. धार लावण्याचं यंत्र करण्यात कितीतरी संध्याकाळी जातात, हे हास्यास्पद वाटतं खरं. पण धार चुकीच्या कोनात असली की छोटा लेथ थरथरतो; मोठ्या लेथवर तीच धार खपून जाते. दुबळ्या यंत्राच्या मालकाला धारेचा नाद परवडतो असं नाही, तो त्याला टाळताच येत नाही.

मायफोर्ड स्वस्त नव्हता, म्हणून हा पैसेवाल्यांचा खेळ, असंही म्हणता येईल. अमेरिकेत डेव्हिड गिंगरी यांनी 1980च्या सुमारास याला परस्पर उत्तर दिलं. त्यांच्या सात पुस्तिकांच्या मालिकेत पहिली कोळशाच्या भट्टीची, दुसरी लेथची. भंगारातलं अ‍ॅल्युमिनियम वितळवून ओतायचं, पृष्ठभाग हातानं खरवडून सपाट करायचे, आणि अर्धवट झालेल्या लेथवरच त्याचे उरलेले भाग कातायचे.

बीस्टनचा कारखाना 2011मध्ये बंद झाला. आता शेडमध्ये बहुधा चिनी मिनी लेथ असतो, पण तोही जगभर जवळपास एकसारखाच, आणि त्याच्याही खोडी एकसारख्याच. आतले गिअर प्लास्टिकचे, ते दात टाकतात. पहिली सुधारणा म्हणून पुष्कळ जण धातूचे गिअर बसवतात. दुसरे म्हणतात, थांबा. जॉब अडकला की प्लास्टिकचा गिअर फ्यूजसारखा आधी मोडतो आणि मोटर किंवा लीडस्क्रू वाचतो, धातूचा बसवलात तर पुढच्या वेळी काय मोडेल याचा विचार केलात का? काही जण मग एकच गिअर प्लास्टिकचा ठेवतात आणि त्याचे दोन जास्तीचे खणात टाकून ठेवतात.