जवळचे दूर, दूरचे जवळ

आकाशमार्गाचे अंतर काढण्यास शाळेतील नकाशाचे पुस्तक पुरते. उत्तर-दक्षिण रेषेत एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. बिदर आणि बंगळूर जवळजवळ एकाच रेखांशावर वसलेली. दोन्ही विमानतळांच्या अक्षांशांत सुमारे ४.७ अंशांचा फरक. गुणाकार केला की ५२० किलोमीटर भरतात. सडकेने हाच प्रवास सातशेच्या घरात जातो.

ताशी पाचशे किलोमीटर वेगाच्या विमानास याला तासभर पुरावा. पण वर चढताना व खाली उतरताना तो वेग राहत नाही, म्हणून सव्वा तास धरावा. त्यात देवनहळ्ळीहून बंगळूर शहरात शिरण्याचा वेळ मिळवावा. तरीही रात्रभराचा प्रवास अर्ध्या दिवसात आटोपतो, हे काही थोडे नव्हे.

कलबुर्गीचा विमानतळ २२ नोव्हेंबर २०१९ रोजी सुरू झाला. बिदरला वायुदलाच्या धावपट्टीवरून ७ फेब्रुवारी २०२० रोजी प्रवासी विमान उडाले; पुढे ती सेवा मधूनमधून खंडितही झाली. दोन्हीकडची पहिली विमाने गेली ती बंगळूरलाच. आता गंमत पाहा. या दोन विमानतळांत सरळ अंतर नव्वद किलोमीटरांच्या आतच. पण बंगळूरमार्गे विमानानेच जाऊ म्हटले, तर ५२० अधिक ४६०, म्हणजे सुमारे ९८० किलोमीटर होतात! रेल्वेचाही प्रकार असाच होता. हुमनाबादवरून जाणारा सुमारे ११० किलोमीटरांचा मार्ग २९ ऑक्टोबर २०१७ रोजी खुला झाला. तोवर विकाराबाद-वाडी असा वळसा होता.

याचे मूळ १ नोव्हेंबर १९५६ मध्ये आहे. हैदराबाद संस्थानाचा मुलूख त्या दिवशी वाटला गेला. बिदर, गुलबर्गा म्हैसूर राज्यात गेले. बिदरचेच उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. बिदरकरांची राजधानी काल १४० किलोमीटरांवर होती, ती एका दिवसात सातशेवर गेली. हे वाढलेले अंतर विमानाने त्रेसष्ट वर्षांनी भरून काढले, असे मी समजतो; आणि त्याचे स्वागतही करतो.

पण आपल्या जुन्या घराण्यांची सोयरीक त्या रेषेने चालत नाही. माझे आजोळ भालकीचे. तेथे कार्य निघाले की उदगीर-लातूरची मंडळी एस.टी.ने येतात, हैदराबादची आगगाडीने, सोलापूरची कलबुर्गीस उतरून. राज्यकारभाराचा नकाशा उभा, उत्तर-दक्षिण. नात्यांचा मात्र आडवा. मामी-मावशांपाशी पोहोचण्याचा वेळ विमानाने एका मिनिटानेही कमी केलेला नाही. तो कमी व्हायचा तर सीमेवरच्या सडका आणि वेळेवर सुटणाऱ्या गाड्या हव्यात. बंगळूरची उड्डाणे मोजणाऱ्यांनी भालकी-उदगीरच्या गाड्याही मोजाव्यात, एवढेच मागणे आहे.