झेंडूच्या बियांना ईएमएस देण्याचा दिवस

सकाळी ६. रात्री भिजत घातलेलं बी फुगलंय का ते पाहून घेतलं. फुगलेल्या बियांत ईएमएस, म्हणजे जनुकं बदलणारं औषध, चटकन शिरतं. वाण ‘पुसा नारंगी गेंदा’, दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचं. नाशिकच्या शेतात दसऱ्यासाठी चालतं ते कंपन्यांचं संकरित बी, पण प्रयोगाला ते कामाचं नाही. संकरिताच्या पुढच्या पिढीत आपोआपच नाना रंगढंग फुटतात. मग बदल औषधाने घडला की संकराने, हे ठरवायचं कसं?

सकाळी ७. आधीच्या हंगामात औषध दिलेल्या झाडांची दुसरी पिढी प्लॉटवर फुलली आहे. बहुतेक बदल अप्रकट असतात, पहिल्या पिढीत दिसतच नाहीत, म्हणून इतकी वाट पाहायची. मधमाश्या यायच्या आत कळ्यांना बटर पेपरच्या पिशव्या चढवायच्या, नाहीतर शेजारच्या झाडाचे पराग येऊन सगळं मुसळ केरात. खुरपणाऱ्या मावशी रांगेतून ओरडल्या, “दादा, याचं फूल येगळंच हाये!” पाकळ्या पसरट न होता नळीसारख्या गुंडाळलेल्या, टोकाशी उघडलेल्या. झाडाला लाल सुतळी बांधली. बाकी रांगांत खुजी, वाकडी, वांझ झाडंच जास्त. औषध बिघडवतं खूप, घडवतं क्वचित.

सकाळी १०. प्रयोगशाळा. दुहेरी हातमोजे, अॅप्रन, गॉगल आणि धूर ओढून घेणारी काचेची पेटी. इथिल मिथेन सल्फोनेट, म्हणजे ईएमएस, दिसायला पाण्यासारखं. पण पाण्याहून जड, त्यामुळे ओतल्यावर तळाशी बसतं आणि द्रावण चांगलं हलवावं लागतं. पाव, अर्धा आणि पाऊण टक्का अशा तीन मात्रा. चौथ्या चंचुपात्रात औषधाविना नुसतं बफर, तुलनेसाठी. बी आत, पात्रं हलत्या यंत्रावर.

हे रसायन डीएनएतल्या ग्वानिनला इथिल गट चिकटवतं. मग नक्कल होताना समोर सायटोसिनऐवजी थायमिन बसतं, आणि एका अक्षराची चूक पुढच्या पेशींत कायम होते. रसायनाने जनुकीय बदल घडतात हे शार्लोट ऑअरबाख यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एडिंबरात मस्टर्ड वायू माश्यांना देऊन दाखवलं. संशोधन लष्करी गुपित, म्हणून निष्कर्ष छापायला 1946 उजाडलं.

दुपारी १. डबा बाहेर, कडुलिंबाखाली. आत पाण्याची बाटलीसुद्धा नेत नाही. नव्या विद्यार्थिनीने विचारलं, “सर, तुर्भ्याच्या अणुकेंद्रात गॅमा किरण आहेत, मग हे कशाला?” प्रश्न रास्त. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने गुलछडीचे ‘रजतरेखा’ आणि ‘स्वर्णरेखा’ हे वाण गॅमा किरणांनीच काढले. पण किरण बहुधा गुणसूत्रांचे तुकडे पाडतात, ईएमएस एकेक अक्षर बदलतं. शिवाय त्याला किरणांचं यंत्र लागत नाही. धोका मात्र दोन्हीकडे. ईएमएसमुळे कर्करोग होऊ शकतो.

दुपारी ४. बी काढून पुन्हा पुन्हा धुतलं. धुण्याचं पाणी आणि उरलेलं द्रावण मोरीत जात नाही. सोडियम थायोसल्फेट घालून निकामी करायचं, मगच पुढची विल्हेवाट. दिवसातलं सगळ्यात कंटाळवाणं काम हेच, आणि घाई करायला मनाई तीही इथेच.

संध्याकाळी ५:३०. कोकोपीटच्या ट्रेमध्ये पेरणी, मात्रेप्रमाणे चिठ्ठ्या. ज्या मात्रेला निम्मं बी मरेल तिच्या आसपासची पुढे वापरायची. सगळंच उगवलं तर औषध पोचलंच नाही, काहीच नाही उगवलं तर हंगाम बुडाला.

रात्री ८. नोंदवहीत सुतळीवाल्या झाडाचा नंबर टाकला. त्याचं बी पेरून पुढच्या पिढ्यांत नळी टिकली, तरच वाणाची भाषा.

वाचकांना एवढंच: हे रसायन घरच्या कुंड्यांसाठी मागवू नका. पण तुमच्या शेवंतीच्या एखाद्याच फांदीला वेगळ्या रंगाचं फूल आलं, तर ती फांदी छाटून कुंडीत लावा आणि जवळच्या कृषी महाविद्यालयात कळवा. असे बदल निसर्गतःही होतात.