नवतप्यात झुरळ जातं कुठे?

मे संपत आला की बऱ्हाणपुरात नवतपा लागतो. पारा ४४-४५ वर चढतो, गच्चीवरच्या पत्र्याला हात लावायची सोय राहत नाही. आणि सिंकखालचं झुरळ? ते मजेत आहे!

गंमत म्हणजे फार उष्णता त्याला सोसत नाही. अंगाचं तापमान आतून सांभाळणं त्याला जमत नाही. भोवताल तापला की तेही तापतं. ५० अंशांच्या वर गेलं की काही मिनिटांत खेळ आटोपतो: अंगावरचा मेणचट थर पाणी धरून ठेवेनासा होतो आणि तापवताना दूध नासावं तशी पेशींतली प्रथिनं बिघडतात.

म्हणजे आपलं ऊन आणि झुरळाचं मरण यांत अंतर उरलं पाच-सहा अंशांचं! उन्हातला पत्रा तर साठी ओलांडतो. मग ते मरत का नाही? कारण ते चालतं. मोरीच्या जाळीखाली, ओट्यामागच्या फटीत हवा दमट आणि कितीतरी गार असते. चार पावलांवर वेगळा ऋतू! घरातल्या छोट्या तपकिरी झुरळाची मादी तर तीस-चाळीस अंड्यांची कुपी पिल्लं निघायच्या बेतापर्यंत अंगालाच वागवते. ती सावलीला पोचली की पुढची पिढीही पोचली.

तेव्हा खरी युक्ती ऊन वाढवण्यात नाही, वाट अडवण्यात आहे. झुरळांनी घर केलेली फळी नुसती उन्हात टाकली तर झुरळं खालच्या बाजूला सरकतात. तीच काळ्या प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून भर दुपारी ठेवा, आत गार कोपराच उरत नाही. परदेशात अख्खं घर बंद करून हीटर आणि पंख्यांनी तासन्‌तास पन्नाशीपार तापवतात, तेही याचसाठी: ऊब शेवटच्या फटीपर्यंत मुरायला हवी.

आणि थंडी? मानेवर दोन काळे पट्टे असलेलं ते छोटं तपकिरी झुरळ जगभर ‘जर्मन’ म्हणून ओळखलं जातं. पण २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला जनुकीय अभ्यास सांगतो, ते सुमारे २१०० वर्षांपूर्वी भारत-म्यानमारच्या बाजूला उपजलं. आपल्याकडच्या उबेतलं हे लेकरू हिमात कसं तगणार? रशियातल्या खेड्यांत लोक कडाक्याच्या हिवाळ्यात दारं उघडी टाकून शेजाऱ्यांकडे मुक्कामाला जात आणि झुरळं गोठवत!

बऱ्हाणपूरचा जानेवारी मात्र त्यांना फार तर सुस्त करतो. फ्रिजमधले चार अंशही तेवढंच करतात. बाहेर काढलं की स्वारी पुन्हा पळायला तयार. फ्रीझरचे उणे १८ अंश मात्र दयामाया दाखवत नाहीत. झुरळं शिरलेली पुस्तकं पिशवीत बंद करून दोन-तीन दिवस आत ठेवा, काम फत्ते.

पण त्याच फ्रिजच्या मागे एकदा बॅटरी मारून बघा. मोटरची ती चोवीस तासांची ऊब झुरळांना फार प्रिय. एकाच यंत्राच्या पोटात त्यांचं मरण आणि पाठीशी त्यांचं बिऱ्हाड!