मोबाइल आणि फिरतीचा विक्रेता

दवाखान्याच्या बाकावर रुग्णांच्या शेजारी बॅग घेऊन बसलेला वैद्यकीय प्रतिनिधी, म्हणजेच 'एम.आर.', तुम्ही पाहिलाच असेल. मोबाइलमुळे विक्रीक्षेत्रातील काम कसे पालटले, हे समजून घेण्यासाठी आपण त्याचेच उदाहरण घेऊ.

मोबाइल येण्यापूर्वी हा प्रतिनिधी दौऱ्याचा कार्यक्रम आधी लिहून देत असे. दिवसभर कोणकोणत्या डॉक्टरांना भेटलो, याचा अहवाल तो रात्री लॉजवर बसून लिही व टपालाने पाठवी. स्टॉकिस्टकडील माल संपला आहे किंवा नाही, हे बहुधा प्रत्यक्ष गेल्यावरच कळे. तातडीचा निरोप असल्यास एसटीडी बूथ गाठावा लागे, आणि दर उतरावेत म्हणून रात्रीपर्यंत थांबावे लागे. हे कष्ट थोडे नव्हते. परंतु तालुक्याच्या गावी उतरल्यावर आधी कोणाकडे जावे, कोठे किती वेळ थांबावे, हे तो स्वतः ठरवीत असे.

भारतात मोबाइल सेवा ३१ जुलै १९९५ रोजी सुरू झाली. आरंभी येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. २००३ मध्ये येणारे कॉल निःशुल्क झाले. ही सवलत वरवर साधी वाटते. पण फोन घेण्यास खर्च नाही, म्हणजे तो न घेण्यास सबब नाही, असाही तिचा अर्थ झाला!

सोय झाली, हे नाकारता येणार नाही. डॉक्टर आज बसणार नाहीत, हे एसटीत चढण्यापूर्वीच समजू लागले. पुढे स्मार्टफोन आल्यावर अनेक कंपन्यांत अहवाल ॲपवर गेला आणि भेटीची वेळ व ठिकाण यांची नोंद यंत्र करू लागले. पूर्वी दिवसाची हकीकत प्रतिनिधी सांगत असे. आता ती त्याच्याआधी कार्यालयात पोहोचते. बाकावरची दोन तासांची प्रतीक्षा, जी खरे तर कामाचाच भाग आहे, पडद्यावर मात्र रिकामा वेळ म्हणून दिसू शकते.

या कर्मचाऱ्यांची नियुक्तिपत्रे, रजा इत्यादी बाबींसाठी १९७६ मध्ये विक्री संवर्धन कर्मचारी (सेवाशर्ती) अधिनियम झाला. तेव्हा दुपारी दोन वाजता आपला माणूस कोठे आहे, हे मालकाला कळण्याचा मार्गच नव्हता.

तुमच्या घरात वा शेजारी कोणी फिरतीवर असेल, किंवा तुम्ही स्वतः असाल, तर दिवसातील शेवटचा कामाचा फोन किती वाजता येतो, याची आठवडाभर नोंद ठेवून पाहा.